कापलेले नऊ सेकंद

बाबा गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी सकाळी दूध आणायला निघाले आणि आमच्याच गल्लीतल्या तिसऱ्या घराच्या खिडकीतून ते खोकले.

तो खोकला ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाच्या आधी, दोनदा घसा खाकरून. कोपरा वळले तर दुसऱ्या एका घरातून पुन्हा तोच खोकला, थोडा उशिरा. रुआबांध्या या वस्तीतली आमची बरीच कुटुंबं पोलादाच्या प्लांटच्या नोकरीपायी विदर्भातून आलेली, बुद्धविहाराशी बांधलेली, आणि सकाळी घरोघर वंदना लागते. ती बाबांच्या आवाजात लागत होती, कारण मीच ती सगळ्यांच्या फोनमध्ये नेऊन बसवली होती. मी दूध न घेताच परतले. आईला सांगितलं, संपलं होतं.

त्याच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. मी घरी बसून दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. विहाराच्या कमिटीला वाटलं, आपलंही एक ॲप पाहिजे, त्यात सूचना असाव्यात, पावसाळ्यातल्या वर्षावासाचे कार्यक्रम असावेत, वंदना असावी. कमिटीचे सचिव काका बाबांच्या जुन्या ओळखीचे, म्हणून काम घरबसल्या माझ्या गळ्यात पडलं. बाबा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे आणि चौकशी करायचे.

"हे ॲप आहे का वेबसाइट? एक काय ते सांग."

"दोन्ही आहे, बाबा."

"असं सांगशीन त लोक हसतीन मले."

मग मी त्यांना पाण्यावर समजावलं, कारण प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये त्यांचा उभा जन्म नळाच्या वेळा सांभाळण्यात गेला होता. वेबसाइट म्हणजे नळ. नेट आहे तोवर पाणी, नेट गेलं की कोरडा. स्टोअरमधून उतरवायचं ते खरं ॲप म्हणजे अंगणातली बोअर. ताकद मोठी, फोनच्या आतल्या सगळ्या वस्तूंपर्यंत तिचा हात पोचतो, पण खणायला परवानगी लागते, जागा लागते, एका जातीच्या फोनसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरी खणावी लागते. आमच्या लोकांचे फोन लग्नांच्या व्हिडिओंनी गच्च भरलेले, त्यात बोअर कुठे बसणार? मी बनवत होते ते प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणजे गच्चीवरची टाकी. आहे नळाचंच पाणी, पण एकदा भरून घेतलं की नळ गेला तरी चालतं. एकदा लिंक उघडायची, 'होम स्क्रीनवर जोडा' म्हणायचं, चिन्ह दिसायला लागतं, आणि नेट नसतानाही उघडतं.

बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकीतलं पाणी शिळं नाही होत का?"

"होतं ना. म्हणून नवं आलं की जुनं आपोआप ओतून टाकायचं, असं मी लिहून ठेवते."

"पूरं ओतून टाकते?"

"पूर्ण."

"बरं," म्हणाले. त्यांना पटलं होतं, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. आज ते आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

वंदना स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली, कारण तिथे पंखा नाही. बाबा प्लांटमध्ये रिगर होते. क्रेनवरच्या माणसाला खालून हाताच्या खुणांनी सांगायचं, उचल, सरकव, थांब. त्या गदारोळात शब्द कुचकामी, त्यामुळे त्यांचे दोनच स्वर होते, एक गल्लीभर ऐकू जाणारा आणि दुसरा हाताचा. जेवतानाही तेच. थांब, भात पुरे, म्हणायचं तर तळहात आडवा. मी फोन त्यांच्यासमोर टेकवून ठेवला आणि पडद्यावर उड्या मारणाऱ्या रेषेकडे बघत बसले. मध्ये ते खोकले. पुढे कुकरची शिट्टी झाली. आणि आई दारातून आत आली, तिला काय चाललंय याचा पत्ता नाही, तिनं विचारलं, "चाय मांडू का हो?" बाबा थबकले, काही वेळ काहीच नाही, मग त्यांनी उरलेलं म्हटलं. मी चिडले. पुन्हा करू म्हटलं. बाबा म्हणाले, "राहू दे. घरातली वंदना आहे, घरासारखीच ऐकू येईन."

ती तशीच ॲपमध्ये गेली आणि तशीच घरोघर पोचली. वर्षभरात बाबा आजारी पडले आणि गेले. आवाज मात्र रोज सकाळी गल्लीत यायचा. मी घाबरायचे, हे कबूल करते. मेलेलं माणूस रोज ठरलेल्या जागी खोकतं, तुम्ही भाजी निवडत असता आणि तुम्हाला माहीत असतं की आता खोकला येणार, आणि येतो. मी सकाळी खिडक्या लावून घ्यायला लागले. आई त्याच्या उलट. तिच्या फोनवर वंदना लावून ती स्वयंपाकघरात बसायची आणि संपली की चहा ठेवायची.

पहिल्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. काका म्हणाले, "बेटा, थोडं साफ करून दे. तो खोकला, ती शिट्टी... लोकांले आता कसंतरी वाटते." लोकांचं माहीत नाही, मला वाटत होतं. मी एका दुपारी बसले आणि सगळं कापलं. खोकला, शिट्टी, आईचा प्रश्न, आणि त्याच्यामागचा नऊ सेकंदांचा रिकामा तुकडा. आवाज कसा स्वच्छ निघाला! जुन्या फाइलच्या जागी, तिच्याच नावानं, नवी फाइल चढवली. कार्यक्रमात सगळ्यांनी वाहवा केली. ज्या फोनवर मूळ रेकॉर्डिंग होतं तो मी कधीच बदलून टाकला होता, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

बारा दिवसांनी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मी होती ना त्याच्यात."

"कशात?"

"वंदनेत. मी बोलली होती. तू कापलं."

"आई, मग तू त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"मले वाटलं, तूच कापलं म्हणजे कापायचंच असन. कावून बोलू?"

मी तडक लॅपटॉप उघडला. सर्व्हर सात दिवसांच्याच प्रती राखून ठेवायचा. सात दिवस केव्हाच सरले होते. आणि लोकांच्या फोनमधल्या टाक्या? नवं आलं की जुनं पूर्ण ओतून टाकायचं, हे माझ्याच हातानं लिहिलेलं. ज्यानं ज्यानं त्या बारा दिवसांत नेट चालू ठेवून ॲप उघडलं, त्याच्या फोनमधले ते बाबा गेले. आता आशा एकच होती. असा फोन हवा, ज्यावर ॲप आहे, पण ज्यानं ते तेव्हापासून उघडलेलंच नाही.

चार दिवस मी वेड्यासारखी फिरले. स्मृती नगरात गेले, सेक्टरांत गेले. सगळे नेमाचे लोक, सगळ्यांनी रोज ऐकलेलं. अहिवाऱ्याच्या एक काकू महिनाभर लेकीकडे होत्या आणि फोन घरी विसरल्या होत्या. मी येते म्हणून कळवलं तर त्यांनी मायेनं फोन चार्ज केला, नेट लावलं आणि ॲप उघडून माझी वाट बघत बसल्या.

"आताच ऐकला मी त्यायचा खोकला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा लावला त नाही आला. असं कसं झालं, बाई?"

मी त्यांना काही समजावलं नाही. जुनं वाजत असतानाच मागून नवं उतरलं होतं आणि माझ्या त्या एका ओळीनं आपलं काम चोख केलं होतं. त्यांच्या ओसरीवर बसून मी ढसाढसा रडले, आणि त्या बिचाऱ्या पाण्याचा तांब्या घेऊन माझीच माफी मागत राहिल्या.

घरी आले तेव्हा आई कपाटासमोर उभी होती. लुगड्यांच्या घडीमधून तिनं बाबांचा फोन काढून माझ्या हातात दिला. दवाखान्यातून आला तसा बंद. वर्षभर तिनं मला त्याला हात लावू दिला नव्हता. चार्ज केला की तो वाजेल आणि कुणीतरी बाबांना विचारेल, याची तिला धास्ती होती.

मी आधी राउटरची वायर उपटली, मग सिम काढलं. घरच्या वायफायला तो फोन ओळखत होता, चालू होताच जाऊन चिकटला असता. बंद ठेवूनच चार्ज केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. आईनं बाबांच्या प्लांटमधल्या टोकन नंबरचे शेवटचे चार आकडे सांगितले, कुलूप उघडलं. सगळ्यात आधी मी विमानाचं चिन्ह दाबलं. मग विहाराचं. पांढरा पडदा आला आणि तसाच राहिला. मग पान उघडलं, गेल्याच्या गेल्या वर्षीच्या कार्यक्रमांसकट.

मी माझा फोन शेजारी ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं, आईला तोंडावर बोट ठेवून खूण केली, आणि वंदना लावली.

बाबा खोकले. मी या वेळी घाबरले नाही. शिट्टी झाली. मग आईचा आवाज आला, किती तरणा आणि घाईचा, "चाय मांडू का हो?" आणि ते नऊ सेकंद सुरू झाले. मी सवयीनं पडद्यावरची रेषा बघत होते. ती सपाट पडली होती. मान वर केली तर आई समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती आणि तिचा तळहात आडवा उचललेला होता, तेव्हा बाबांनी उचलला असेल तसा. मी रेषेकडे बघत बसले होते, म्हणून मला तो कधी दिसलाच नव्हता. त्यांनी उत्तर दिलं होतं. थांब म्हणाले होते.

"थांबूनच राहिली मी," आई त्या खुर्चीला म्हणाली.

मग बाबांनी पुढचं म्हणायला सुरुवात केली. आईचं ते वाक्य माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आलं आहे. आता घरोघर वंदना त्याच्यासकट लागते, मी त्यातलं काही कापलेलं नाही.