गरम भिंत

डोरीन कोवाच बोलता बोलता मध्येच स्वतःचा तळहात बघत बसते. बुडत्या कंपन्यांची कर्जं कवडीमोलानं विकत घेणाऱ्या आमच्या न्यूयॉर्कच्या फर्मची ती आज मालकीण आहे. नव्या पोरांना वाटतं, बाईला झोप आलीय. वाटू दे, गाढवं आहेत!

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच दिवशी इथे मुलाखतीला आलो, एकाच खोलीत समोरासमोर. ती ओहायोतल्या एका बँकेत कारकून होती. प्रश्न आधीच कळवला होता: दिवाळं निघालेल्या एका काच कारखान्याचं कर्ज घ्यावं का? कारखाना मेलेला आहे, हे मी चाळीस पानांत सिद्ध करून आणलं होतं. तिचे हात रिकामे होते.

"मी तिथे गेले होते," ती स्वप्नातल्यासारखी म्हणाली. "पहाट होती, बर्फ पडत होता. भट्टीच्या भिंतीला हात लावला, तर गरम! दुसऱ्या दिवशीही गरमच. भट्टी एकदा गार झाली की आतली काच थिजते, मग भट्टी फोडूनच टाकावी लागते. दोन महिने पगार नाही, तरी माणसं पाळीपाळीनं ती पेटती ठेवतायत. मेलेल्या कारखान्यात कोण असं करेल?"

म्हातारे हॅलरन, तेव्हाचे मालक, माझ्याकडे वळले. माझी चाळीस पानं हातात तोलत त्यांनी विचारलं, "काय रे, तुझ्या हाताला कशी लागली ती भिंत?"

मी अजून मनात माझे आकडेच जुळवत होतो. म्हणालो, "कुठली भिंत?"