किलबिल विभागातली तक्रार

माझी धाकटी बहीण पल्लवी हिच्यावर अन्याय झाला तो सोमवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, गावच्या अभ्यासिकेच्या दारात. दाराला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर जिथे पोरंपोरी भरतीचा अभ्यास करायची, तिथे मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. चाबी कोणाजवळ आहे असं पंचायतीत विचारलं, तर उत्तर मिळालं, "पाहून सांगतो." ते अजून पाहून राह्यले आहेत.

घरी अभ्यास करावा म्हणाल, तर आमच्या घरात पिठाची चक्की आहे. सकाळी सातला सुरू होते आणि आईचा आवाज त्याहून वरच्या पट्टीत लागतो. पल्लवीला पुस्तकाचं पान उलटायच्या आधी झटकावं लागतं. परीक्षा तीन महिन्यांवर होती.

मी पत्रकवाली. कॉलेजपासून पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकात शीर्षकं भरपूर असतात, मजकूर जागा उरली तर. पण या वेळी ठरवलं की पत्रक नाही, वेबसाइट. पत्रकात लोक भजी बांधून नेतात, वेबसाइटीत काय बांधणार? (मानपान बांधतात. पुढे येतंच आहे.)

वेबसाइटचा मजकूर चढवायला, बदलायला आणि रचायला एक व्यवस्था निवडावी लागते, तिला सीएमएस म्हणतात. मी दोन पाहिल्या. पहिलीत लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि तपासणाऱ्याने होकार दिल्याशिवाय एक ओळ बाहेर पडत नाही. माझं डोकं फिरलं. ज्या सेन्सॉरशिपविरुद्ध मी तीन पत्रकं काढली ती माझ्याच घरात आणू? दुसरीत ज्याला लॉगिन त्याला सगळे अधिकार. लिहा, बदला, पुसा. मला तिथे साक्षात लोकशाही दिसली. घरातल्या चौघांनाही लॉगिन दिलं, आईलासुद्धा.

"मले काऊन?" आई म्हणाली. "मी दळू का हे करू?"

"आई, अधिकार आहे तुझा."

"माया अधिकार राहू दे, तू ते ज्वारीचं पीप सरकव."

मग मजकुराचे विभाग पाडले: 'अन्याय', 'निषेध', 'धिक्कार', 'जाब द्या' आणि 'आता तरी जाब द्या'. पल्लवी आपली तक्रार घेऊन बसली.

"ताई, हे कोणत्यात टाकू? अन्यायात का धिक्कारात?"

"सगळ्यांत टाक."

"अन् वाचणाऱ्यानं पाच डाव वाचाव का?"

"वाचू दे. त्याशिवाय पेटत नाही माणूस."

"पेटत नाई ताई, झोपते."

मी दुर्लक्ष केलं. तिचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, पण ती लहान, मी कार्यकर्ती.

खरा घोळ पाठिंबा देणाऱ्यांच्या यादीवरून झाला. चाळीस नावं आली होती, ती मी अक्षरांच्या क्रमाने लावली. त्यामुळे पहिलं नाव गावातल्या अशोकचं आलं आणि आमच्या मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, पार खाली गेलं. त्यांचं नाव यादवराव. मोठेबाबा गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेचा मजकूर लिहितात. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, हे त्यांना विचारल्याशिवाय सेलूचा प्रेसवाला छपाईला हात लावत नाही.

"अशोक वर अन् मी खाली?" मोठेबाबा मोबाइल नाचवत आले. "त्याच्या लग्नाची पत्रिका मी लिहिली ना वं!"

"मोठेबाबा, ही पत्रिका नाही. तक्रार आहे."

"नावं हायेत ना? मंग मानपान आलाच."

घरातल्या चौघांत मोठेबाबाही आले, म्हणून लॉगिन त्यांच्याकडे होतंच. दुसऱ्या दिवशी मी साइट उघडली तर माझे पाचही विभाग गायब. त्यांच्या जागी 'आशीर्वाद', 'निमंत्रक', 'स्वागतोत्सुक' आणि 'प्रमुख उपस्थिती'. प्रमुख उपस्थितीत आमच्या तक्रारीच्या चौकशीला तालुक्याने नेमलेल्या साहेबांचं नाव, मागे 'माननीय' दोनदा. आणि सर्वांत तळाशी, पत्रिकेत लहान लेकरांसाठी असतो तसा, 'किलबिल'. घरात सर्वांत लहान पल्लवी, म्हणून तिची तक्रार तिथे. वर एक ओळ: 'आमच्या ताईच्या अभ्यासिकेला यायचं हं!'

पल्लवी बावीस वर्षांची आहे.

"मले किलबिलमध्ये टाकलं," ती शांतपणे म्हणाली. ती इतकी शांत झाली की मला भीती वाटली. "मोठेबाबा, चिमणीचं चित्र बी टाकून द्यायचं होतं."

"टाकलं हाय ना. खाली पाह्य."

आणि मुख्य पानावर भला मोठा फोटो. अभ्यासिकेच्या उद्घाटनाचा, चार वर्षांपूर्वीचा. फेटे, रिबीन, कात्री, आणि मधोमध मोठेबाबा. पत्रिकेवर वर गणपती लागतो, तसं वर काहीतरी मंगल पाहिजे म्हणून. फोटो जुना, पण चढवला आज, म्हणून साइटने त्याखाली आजची तारीख इमानदारीने टाकली.

मी सगळं पूर्ववत करायला बसले. होईना. बटणंच दिसेनात. माझ्या नावापुढे एकच शब्द होता: वाचक. ज्या व्यवस्थेत सगळ्यांना सगळे अधिकार असतात, तिच्यात दुसऱ्याचे अधिकार काढण्याचाही अधिकार सगळ्यांना असतो, हे मला लोकशाही निवडताना सुचलं नव्हतं.

"मोठेबाबा, माझे अधिकार तुम्ही काढले?"

"छापल्यावर मजकुराले हात लावत नसते पोरी. तू आगाऊपणा करशीन म्हणून अगोदरच काढून ठेवले."

त्याच आठवड्यात साहेबांनी साइट पाहिली. पत्ता मीच त्यांना तक्रारीसोबत पाठवला होता, वर लाल अक्षरांत 'पुरावा' असं लिहून. उत्तर आलं. 'तक्रारदाराच्याच संकेतस्थळावरील चालू तारखेच्या छायाचित्रावरून अभ्यासिका सुस्थितीत सुरू असून ग्रामस्थांत उत्साहाचे वातावरण असल्याचे दिसून येते. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

मी कागद दोनदा वाचला. मोठेबाबांनी चष्मा लावून एकदा वाचला.

"माननीय लिहिलेलं आवडलं वाटते त्याईले," ते म्हणाले.

पल्लवी उठली. गोणपाट घेतलं आणि अभ्यासिकेच्या बाहेर, पायरीवर जाऊन बसली. आत खुर्च्या, बाहेर ती. ऊन पायरीवर येतं नऊला, तोवर वाचते, मग चक्कीत परत. रोजचं हेच. उन्हाळा पुढे आहे. परीक्षाही.

मी जाहीर निषेध केला असता, पण साइटवर मला लिहिता येत नाही.

म्हणून वाचकहो, हे काम तुम्ही करायचं. आमच्या साइटचा पत्ता चक्कीच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. उघडा. उद्घाटनाचा फोटो ओलांडा, आशीर्वाद ओलांडा, निमंत्रक आणि स्वागतोत्सुक ओलांडा, आणि चिमणीच्या चित्राखाली थांबा. तिथली तक्रार पूर्ण वाचा आणि तिच्याखाली आपलं नाव लिहा. नंतर स्वतः या, पायरीवर बसलेली मुलगी पाहा आणि पंचायतीत जाऊन विचारा, चाबी कोणाजवळ आहे. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आहेर आणू नये. मोठेबाबांच्या वर नाव मात्र लिहू नका, ते तुम्हालाही वाचक करतील.