शुक्रवारची दुमजली

मंगळवारी माझे शेजारी गेले. त्या शुक्रवारी आम्ही मुंबईला गेलो नाही.

भिवंडीत शुक्रवारी वीज बंद, म्हणून माग बंद. ते माग चालवायचे. त्या दिवशी गल्लीतल्या चार-सहा जणांना घेऊन ते मुंबई दाखवायला निघत. लाल दुमजली बस, वरचा मजला. "आवडलं तिथं उतरायचं. दुसरी बस मागनं येतेच हाय."

मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. कारखान्यात सगळे हातांनी बोलतात, तसे ते रस्त्यातही बोलत. तुम्ही भेटला असतात, तर राणीची बाग तुम्हालाही हातांनीच समजावली असती. मी वाचनालयात कामाला; शुक्रवारी रजा टाकून त्यांच्याबरोबर जायचो. मला म्हणत, "सर, तुमच्याकडं बोलायचं न्हाय, आमच्याकडं ऐकू येत न्हाय. जमलं आपलं."

त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. पडघ्याला माहेरीसुद्धा त्या कधी एकट्या गेल्या नव्हत्या.

एकदा चौपाटीला आम्ही उतरलो, वहिनी अजून वरच होत्या. बसकडे पाठ करून ते समुद्र दाखवू लागले. घंटी वाजली, ती त्यांना कळली नाही. मी बाही ओढली तोवर बस निघाली होती आणि वहिनी वरच्या मजल्याच्या मागच्या खिडकीत होत्या. त्यांनी एक बोट गोल फिरवलं, कारखान्यातली खूण.

"कांडी घेऊन येते म्हणते," ते म्हणाले. "तोवर जागा सोडायची न्हाय."

आवाज शांत होता. पण घेतलेली भेळ त्यांच्या हातातच मऊ झाली.

तासाभराने समोरच्या बाजूला बस थांबली. वहिनी उतरल्या. मधून गाड्या धावत होत्या आणि हे दोघे दोन फुटपाथांवरून हातांनी भांडत होते. वहिनींनी मला नंतर सांगितलं, "म्हणाले, हरवली असतीस म्हंजे? म्हटलं, मी काय रुमाल हाय? शेवटच्या थांब्यावर चहा घेतला. तुम्ही बसा पाय भिजवत, मी सगळा समुद्र बघून आले."

तेव्हापासून दर फेरीत वहिनी एक चक्कर एकट्या मारायच्या. ते वाळूत बसून अनोळखी माणसांना सांगत, "मिसेस फिरायला गेली हाय."

दवाखान्यात शेवटी त्यांनी वहिनींकडे पाहून बोट फिरवलं. वहिनी म्हणाल्या, "या जाऊन. मी हाय इथं."

आता शुक्रवारी वहिनी एकट्याच मुंबईला जातात. निघताना वाचनालयाच्या दारातून मला बोट फिरवून दाखवतात. वाचनालय सहाला बंद होतं. त्या परत येईपर्यंत मी ते उघडं ठेवतो.