एक खोली कमी

भूगावजवळ खडीच्या खाणीला लागून आमच्या झोपड्या होत्या. वडील दुसरं लग्न करून निघून गेलेले. आई खडी फोडून मला वाढवत होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तेव्हा झोपड्या पाडून तिथंच पक्क्या खोल्या बांधायचं ठरलं. पुण्याहून एक साहेब आले आणि म्हणाले, "घरं तुमची आहेत. कशी हवीत ते तुम्हीच सांगा."

असं आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाप्यांच्या आधी आई उठली.

"सायेब, बायांना न्हायला आडोसा पायजे. आमी उजाडायच्या आत उघड्यावर न्हातो."

साहेबांनी खोलीखोलीत न्हाणी द्यायचं कबूल केलं. बायका आईवर लई खूश झाल्या.

पुढच्या खेपेला साहेब म्हणाले, न्हाण्या धरल्या तर एक खोली कमी बसते. "कुणाची वगळायची ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही बाहेरची माणसं काय सांगणार?"

"मग न्हाणी नगं आमाला," आई म्हणाली.

पण बायकांना आता न्हाणी सोडवेना. मग आमची शेजारीण बोलली. तिची दोन्ही बाळंतपणं आईनंच केली होती. "हिच्या घरात बाप्या न्हाई. दोघीच तर हायेत. कुटं बी ऱ्हातील."

"कुटं बी म्हंजी कुटं?"

साहेबांनी हात वर करायला सांगितलं. हात भराभर वर गेले. आई एकेका हाताकडं बघत राहिली.

"छान, एकमतानं झालं," साहेब म्हणाले.

"माजा हात खालीच हाय, सायेब."

लोक हसले. साहेबही हसले.

पहिली आमचीच झोपडी पाडली. टेकडीपलीकडं सूस गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्यालगत आम्ही पत्रा टाकला. सांज-सकाळ त्याच्या म्हशींचं करायचं, त्यावर राहायला मिळालं. खाणीवरचं काम तेव्हा मंदावलं होतं, म्हणून आई दिवसा त्याच खोल्यांच्या बांधकामावर विटा वाहायला जाई. शेजारीण तिला हाक मारून सांगे, "माज्या भिताडाला शिमिट जास्त लावाय सांग गं." आई गवंड्याला तसं सांगायची.

लोक राहायला गेले त्या दिवशी वस्तीत जेवण होतं. आम्हालाही बोलावलं. नको म्हणत मी रडले, तरी आई मला घेऊन गेली. सगळ्यांच्या पंगतीत बसून पोटभर जेवली. परतताना टेकडीच्या वाटेवर तिनं सगळं ओकून टाकलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चल, म्हशी खोळंबल्या आसतील."