व्हिडिओच्या मागचा मेनू

आमच्या ऑफिसात त्याला सगळे खिडकीवाला म्हणायचे. स्क्रीनवरच्या खिडक्या, बटणं, मेनू बनवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "स्क्रीनवरच्या जड घटकाला मशीन स्वतःची वेगळी खिडकी देतं. हलक्या घटकाला वेगळी खिडकी नाही, त्याला आपला प्रोग्रॅमच आपल्या खिडकीत रंगवतो. दोघं एका जागी आले की जड वर बसतो आणि हलका मागे लपतो. ही भेसळ करायची नाही." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

मग मेंदूच्या झटक्याने त्याच्या आईची वाचा गेली. मानही हलेना, उजव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत. या गड्याने तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की मेनू उघडायचा, वाक्यावर बोट ठेवलं की स्पीकर ते बोलायचा. दिवसभर 'पंखा कमी कर' आणि 'आधी आंघोळ कर' यांचा सपाटा. तो कौतुकाने सांगायचा, "वाचा गेली, पण तोंड चालूच आहे."

त्याच्या धाकट्या बहिणीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. आजारपण कळल्यावर तिचा फोन आला, "दादा, मला आईशी बोलायचंय."

त्याने त्याच स्क्रीनवर, मेनू उघडायचा त्याच जागी व्हिडिओ बसवला. व्हिडिओ जड, मेनू हलका. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं घाईत स्वतःच विसरला. व्हिडिओ सुरू नसताना मेनू तपासला, तर तो नीट उघडला. कॉल लागला तसा, दोघींना मोकळं बोलू दे म्हणून हा खोलीबाहेर गेला. त्याच्या या चांगुलपणाचा मला आजही राग येतो.

बहिणीने विचारलं, "आई, तुझा राग गेला का गं?" उत्तर आलं नाही. बरीच वाट बघून तिने रडत कॉल बंद केला. त्याच संध्याकाळी दुसरा झटका आला आणि आई गेली.

बहीण धावत आली, पण उशीर झाला होता. म्हणाली, "ती नुसतं बोट आपटत होती, दादा. मला वाटलं, चालती हो म्हणतेय."

तो ताडकन उठला. आईच्या स्क्रीनवरून बहिणीच्या फोनवर कॉल लावून त्याने बटण दाबलं. मेनू व्हिडिओच्या मागे उघडला. मेनूला जड करायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ पुरते. ती त्याने लिहिली, तेव्हा मेनू वर आला. त्यात 'हो' होतं आणि त्याच्याखाली 'नाही'.

"ती उत्तर देत होती गं," तो म्हणाला.

"काय उत्तर देत होती?"

ते मात्र त्याला सांगता येईना.