पडद्याआडचं वाक्य

परवापासून विजयमालाबाईंना लेकीच्या नजरेला नजर देववत नाही.

सांगलीच्या हौशी नाटकमंडळींत त्या प्रॉम्प्टर. कुणी अडखळलं की विंगेतून हळूच वाक्य पुरवायचं, ही उभ्या जन्माची सवय. यंदा जुन्या नाटकातली आज्ञाधारक लेक त्यांच्याच रेश्मानं केली होती.

परवा मिरजेचे पाहुणे रेश्माला बघायला आले. मुलाच्या आजीनं थेट विचारलं, "पोरी, पसंत हाय का? तुझ्या तोंडानं सांग."

रेश्मानं मान वर केली, श्वास घेतला, क्षणभर थांबली. मेली ती सवय! स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बाई नाटकातलंच वाक्य कुजबुजल्या, "बाबांची इच्छा, तीच माझी."

रेश्मा मुकाट्यानं तेच बोलली. तिथंच सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर कपबशा उचलत ती एवढंच म्हणाली, "आई, मी वाक्य विसरले नव्हते."