हळकुंडाची गाठ

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडणं. उन्हाळा होता. दिवस कलताना दारातल्या लिंबाखाली बसलो होतो: मी, बायको आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. बियाण्याची शेंग हातानंच फोडावी लागते, नाहीतर दाणा दुखावतो आणि उगवत नाही. माझी बोटं जाड. दाण्याचे दोन तुकडे व्हायचे, ते मी गुपचूप तोंडात टाकायचो.

"पेरणी पोटात करायची हाय का?" ती म्हणाली. तिचं बघणं शेंगांकडंच.

हात चालू ठेवून ती लेकीचा धडा घेत होती. धडा भुलीचा होता.

बायकोचा धाकटा भाऊ ऐन जवानीत गेला. हर्नियाचं साधं आपरेशन. गॅसची भूल दिली, आणि त्याचा जबडा आवळला, अंग लाकडासारखं ताठ झालं, काळीज घोड्यागत धावलं. मागून अंग इतकं तापलं की हात ठेववेना. तो टेबलावरून उठलाच नाही. आमच्यात कोणी म्हणालं देवाचा कोप, कोणी म्हणालं डॉक्टरनं मारला. पुढं बऱ्याच वर्षांनी हिची पिशवी काढायची वेळ आली. तवा पुण्यातल्या भुलीच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरात कोणी भुलीत दगावलंय का? हिनं सगळं सांगितलं. बाई खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, "कुणाची चूक नाही, मावशी. काही घराण्यांच्या रक्तातच हे असतं. गॅसची भूल आणि अंग सैल करायचं एक इंजेक्शन त्यांना सोसत नाही. तुमच्यात असेल तर लेकीतही असू शकतं. आहे असंच धरून चाला." हिला तिनं पाठीत सुई देऊन भूल दिली. काही झालं नाही.

शाळा तर हिनं बघितली नव्हती. ध्यानात ठेवायचं ते पदराला गाठ मारून ठेवायची तिची रीत. बाजारात गूळ आणायचा असला तरी गाठ. बाईनं सांगितलेल्याच्या तिनं पदराला तीन गाठी मारल्या. लुगडं बदललं की गाठी नव्या पदराला यायच्या.

पहिली मोठी, ढिली. तोंडावर काही ठेवायच्या आधीच मामाचं सांगायचं. दुसरी आवळून मारलेली, दातानंच सुटेल अशी. जबडा, अंग, नाडी, ह्याच क्रमानं; ताप शेवटी. तिसऱ्या गाठीत हळकुंड. या दुखण्यावरचं औषध पिवळ्या पुडीचं असतं आणि आपल्याकडं सहजी मिळत नाही, म्हणून तो गॅस आणि ते इंजेक्शनच नको म्हणायचं.

"बोल, मामाला काय झालं?" तिनं लेकीला विचारलं.

"ताप आला, मग अंग ताठलं..."

"चुकलं."

"अगं आये, कागदावर लिहून घेते की."

"कागद ऱ्हाईल पिशवीत आन् तू असशील आत. नुसतं ताप आला म्हणशील तर डॉक्टर म्हणंल मलेरिया असंल. जबडा म्हणलीस तर त्याचे कान उभे ऱ्हातील. परत बोल."

लेकीनं परत ताप पुढं घातला. सातवी शिकलेली पोर, डोक्यानं मंद नव्हती. पण मामा म्हटलं की तिला तो तापच आठवायचा. घरात लहानपणापासून तेच ऐकलेलं, की मामाचं अंग चुलीसारखं झालं होतं. बायकोचे हात थांबले. तिला काळजी लागली होती.

मी म्हणालो, "ए पोरी, आपल्या कळपातलं लंगडं मेंढरू कुठं असायचं?"

"सगळ्यात मागं."

"मग ताप म्हंजी ते लंगडं मेंढरू. नाव त्याचंच मोठं, पण येतंय मागून."

बायको हसली. "एवढी वर्सं मेंढरं राखली, आज उपेगी पडली," म्हणाली. उरलेल्या शेंगा सुपात ओढून उठली. उद्या परत विचारीन, असं लेकीला बजावलं.

सकाळी मी शेरडांना पाला टाकून आलो तरी चूल पेटलेली नव्हती. ती कुशीवर होती तशीच होती. हात लावला तवा कळलं. डॉक्टर म्हणाला, झोपेत काळीज थांबलं. 

माणसं जमली. पोटुशीनं मढ्यापाशी थांबू नये म्हणून लेकीला शेजारच्या घरी नेऊन बसवलं. बायकांनी हिला न्हाऊ घातलं, माहेरचं नवं लुगडं नेसवलं. माझी चुलती जुन्या लुगड्याचा पदर घेऊन बसली आणि गाठी सोडायला लागली. जीव गाठीत अडकतो म्हणे. ढिली सुटली. आवळलेली तिनं दातानं सोडली. हळकुंड खाली पडलं.

मी ते उचललं. चुलती म्हणाली, "आरं, ते कशाला? टाक तिकडं."

"तिच्या गाठी सोड सगळ्या," मी म्हणालो. "हळकुंड मला लागतंय."

तसाच शेजारी गेलो. लेक भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. मी खाली बसून तिचा पदर हातात घेतला. गाठ मारायची मला सवय नाही. मेंढराच्या पायाला दोरी बांधतात तशी बांधली, एक ढिली, एक आवळून, आणि तिसरीत तिच्या आईचं हळकुंड.

"आबा, आत्ता कशाला?" ती म्हणाली.

"आज विचारीन म्हणाली होती ती. बोल."

लेकीनं पहिली गाठ धरली. "तोंडावर काय ठेवायच्या आधी सांगायचं, माझा मामा भुलीत गेला." मग दुसरी गाठ बोटांनी चाचपत राहिली. बाहेर तिरडी बांधायचं चाललं होतं, मला कोणीतरी हाक मारली. मी उठलो नाही.

"जबडा," ती म्हणाली. "मग अंग. काळीज पळतंय." मग तिला रडू फुटलं आणि रडतच म्हणाली, "लंगडं मेंढरू मागून."

"आन् हळकुंड?"

"औषध मिळत न्हाई. गॅस नको, ते इंजेक्शन नको. पाठीत सुई द्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर खांदा द्यायला गेलो.